तोल सांभाळणारी गाडी आणि तिची बॅटरी



दोन चाकांमधल्या पाटावर उभे राहायचे; पुढे झुकले की गाडी पुढे, मागे झुकले की मागे. आपला तोल आपणच सांभाळणारी ही विजेची छोटी गाडी आता खेड्यातही दिसू लागली आहे. आज बोलायचे आहे ते तिच्या पोटातल्या बॅटरीविषयी.

गेल्या दिवाळीत माझा भाचा अशी गाडी घेऊन गावी आला. चार्जर मात्र शहरातच राहिला. मग शेजारच्या विजेच्या सायकलीचा मागून आणला. पिन बरोबर बसली! गाडी गोधडीवर ठेवून स्वारी झोपी गेली. पहाटे आईला उग्र वास आला. तिने भिंतीवरचे बटण बंद केले, म्हणून निभावले. गोधडी मात्र करपली.

चूक कोठे झाली? अशा गाडीत बहुधा लिथियमचे १० घट ओळीने जोडलेले असतात. भरलेला घट ४.२ व्होल्टचा, म्हणजे दहांचे ४२. त्या सायकलीत घट १३. तिचा चार्जर ५४.६ व्होल्टपर्यंत चढतो. एवढा दाब अडवणारे मंडल बॅटरीत असावे लागते. ते हलक्या प्रतीचे असले की घट तापतात. तेव्हा पिन बसली म्हणजे चार्जर जुळला, असे नव्हे. घटच सदोष असले, तर योग्य चार्जरनेही धोका टळत नाही. अमेरिकेत २०१६ साली अशा ५ लाखांहून अधिक गाड्या आगीच्या भीतीने परत मागवाव्या लागल्या.

ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी सदा भरलेली ठेवावी, हे आपल्याला ठाऊक आहे. लिथियमचे तसे नाही. ती काठोकाठ भरून पत्र्याच्या तापलेल्या खोलीत महिनोन्‌महिने ठेवली, तर तिची ताकद लवकर सरते. अगदी रिती ठेवली, तर घट आतून बिघडतात. म्हणून सुट्टी संपली की ती निम्मी भरून, सावलीत, कोरड्या जागी ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी पाहावी.

फिरून आल्यावर गाडी थंड होऊ द्या, मगच चार्जिंगला लावा. तेही फरशीवर, दारापासून दूर आणि घरातले जागे असताना. बॅटरी संपत आली की उतरा, कारण तोलही तीच सांभाळते. ती फुगली, वास आला, तर पुन्हा भरू नका. धूर निघालाच तर तो विषारी असतो; आधी माणसे बाहेर काढा, जमल्यास मेन स्विच बंद करा.

गुरुजींना नि बाईंना एक विनंती. दहा गुणिले ४.२ हे गणित एकदा फळ्यावर मांडा आणि घरच्या चार्जरवरचे आकडे मुलांना वाचून यायला सांगा. माझ्या भाच्याने ते वाचले असते, तर आईची गोधडी वाचली असती.