दृष्ट

भगिनींनो, माझी धाकटी लेक गोवरातून उठली आणि दिवेलागणीला उंबरठ्याशी ठेचाळू लागली. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. मीही मीठमोहऱ्या ओवाळीत बसले. त्यात पंधरवडा गेला, याचे शल्य अजून आहे. तो रातांधळेपणा होता. गोवरात ‘अ’ जीवनसत्त्व झपाट्याने सरते. डोस वेळेवर मिळाला, बुबुळ वाचले. सरकारने हे डोस १९७० साली सुरू केले. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंतचा एकही चुकवू नका.

आणि आपण हिमायतनगरकर! परसातल्या शेवग्याच्या शेंगा खातो, पाला शेळीपुढे टाकतो. तोच तेलात परतून भाकरीबरोबर द्यावा. तेलावाचून त्यातले सत्त्व अंगी लागत नाही. मोतीबिंदू मात्र पाल्याने जात नाही बरे, त्याला डॉक्टरच हवा.