बिंदू, रेषा आणि प्रकाश



शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या संस्थेत संगणकाच्या पडद्यावरील चित्रांविषयी बोलणे कोणाला अप्रस्तुत वाटेल. परंतु ग्रंथालयांसमोर जो प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे, तोच या विषयाच्या शिक्षणासमोरही उभा आहे. वाचकाच्या हाती तयार सारांश द्यावा की मूळ ग्रंथ? सारांशाने वेळ वाचतो, परीक्षाही निभावते. मूळ ग्रंथ वाचणाऱ्याला कष्ट पडतात, पण विचार कसा बांधला गेला हे त्यालाच कळते. संगणक-चित्रण, म्हणजे ज्याला सर्वत्र कॉम्प्युटर ग्राफिक्स म्हणतात, तो विषय विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्यासमोरही आज हीच निवड आहे. तयार साधनाची कळ दाबली की घर, झाड, माणसाचा चेहरा पडद्यावर उमटतो. मग एक सरळ रेषा कशी काढावी, हे शिकण्यात त्याने आठवडे का घालवावेत?

याचे उत्तर शोधताना ज्या विद्यापीठात या विषयाचा बराचसा पाया घातला गेला, तिकडे पाहणे उचित ठरेल. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी या शहरात युटा विद्यापीठ आहे. त्याच गावचे डेव्हिड इव्हान्स हे १९६५ मध्ये तेथे परतले आणि त्यांनी संगणकशास्त्राचा विभाग उभारला. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील ‘आर्पा’ या संस्थेने चित्रणाच्या संशोधनासाठी द्रव्यसाहाय्य दिले. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड तेथे आले. एम.आय.टी. या संस्थेत १९६३ मध्ये सादर केलेल्या आपल्या प्रबंधासाठी त्यांनी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली रचली होती. प्रकाशलेखणीने पडद्यावर आकृती काढावी, ती हलवावी, तिच्या बाजू समांतर ठेवण्याची आज्ञा यंत्राला द्यावी, हे त्या प्रणालीने शक्य केले.

तरीही त्या काळी पडद्यावरची वस्तू बहुधा तारांच्या सांगाड्यासारखी दिसे. तिच्यातून आरपार दिसे, तिला पृष्ठभाग नसे, तिच्यावर ऊन पडत नसे. पाठ करण्यासारखे तयार ज्ञान फारसे नव्हते. न्यूमन आणि स्प्रोल यांचे या विषयावरील विख्यात पाठ्यपुस्तक १९७३ मध्ये निघाले. तोपर्यंत जे विद्यार्थी या विभागात आले, त्यांना पुस्तकाऐवजी न सुटलेले प्रश्नच मिळाले.

त्या शिक्षणाची तऱ्हा एका प्रसंगावरून ध्यानात येते. १९७२ मध्ये सदरलँड यांच्या विद्यार्थ्यांनी एक खरी फोक्सवॅगन मोटार मोजायला घेतली. मोटार सदरलँड यांच्या पत्नीची होती. तिच्या अंगावर बिंदू आणि रेषा आखून, पट्ट्यांनी मापे घेऊन त्यांनी प्रत्येक बिंदूचे स्थान अंकांत लिहिले. गोल पाठीची ती मोटार अखेर लहान लहान सपाट बहुभुजाकृतींची जुळणी होऊन संगणकात गेली. संगणकाला मोटार ठाऊक नसते, त्याला केवळ संख्या ठाऊक असतात, हा धडा त्या मुलांनी मोजपट्टी हाती धरून घेतला.

आज जगभरच्या अभ्यासक्रमांत शिकवली जाणारी मूलतत्त्वे मोजकीच आहेत. त्यांतील पहिले तत्त्व रेषेचे. कागदावरची रेषा अखंड असते, पडद्यावर मात्र चौकटीत मांडलेले चित्रबिंदू असतात. त्यांतले कोणते उजळावेत म्हणजे रेषा सरळ भासेल? आय.बी.एम. कंपनीतील जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ मध्ये, लेखणीने कागदावर आलेख काढणाऱ्या यंत्रासाठी एक रीत शोधली. ती १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. समजा रेषा ७ घरे उजवीकडे आणि ३ घरे वर जायची आहे. दर पावलाला उजवीकडे सरकावे आणि उधारीच्या खात्यात ३ मांडावेत. उधारीची दुप्पट ७ च्या वर गेली की एक घर वर चढावे आणि खात्यातून ७ वजा करावेत. असे केले की उंची क्रमाने ०, ०, १, १, २, २, ३, ३ अशी येते. भागाकार नाही, अपूर्णांक नाही, केवळ वाण्याच्या वहीसारखा हिशेब. जो विद्यार्थी हा हिशेब एकदा कागदावर करतो, त्याला आदर्श रेषा आणि यंत्राची रेषा यांतील अंतर कायमचे समजते.

दुसरे तत्त्व दृष्टीचे. सारख्याच उंचीचे दिव्याचे दोन खांब आहेत. एक पाहणाऱ्यापासून १० मीटरवर, दुसरा २० मीटरवर. दुसरा निम्म्या उंचीचा दिसतो. लांबीला अंतराने भागावे, इतकेच हे गणित आहे. फ्लॉरेन्सच्या चित्रकारांना ते पंधराव्या शतकात गवसले होते. आल्बेर्ती यांनी १४३५ मध्ये त्याची शास्त्रशुद्ध मांडणीही केली होती. संगणकाने नवे काही शोधले नाही. त्याने तोच भागाकार प्रत्येक बिंदूसाठी विलक्षण वेगाने केला. याच धड्यात क्रमाचेही महत्त्व कळते. वस्तू आधी फिरवून मग सरकवली आणि आधी सरकवून मग आरंभबिंदूभोवती फिरवली, तर ती दोन वेगळ्या ठिकाणी पोहोचते.

तिसरे तत्त्व झाकले जाण्याचे. पुढची वस्तू मागचीला झाकते, हे डोळ्याला शिकवावे लागत नाही, यंत्राला मात्र शिकवावे लागते. युटातील जॉन वॉर्नॉक यांनी १९६९ च्या प्रबंधात पडद्याचे चार-चार भाग पाडत जाण्याची युक्ती मांडली. एड कॅटमल यांच्या १९७४ च्या प्रबंधात अधिक साधी रीत आहे. प्रत्येक चित्रबिंदूच्या रंगासोबत त्याची खोली लिहून ठेवावी. नवा पृष्ठभाग आला की खोली ताडून पाहावी आणि जवळचा असेल तोच ठेवावा. रीत सोपी, पण ५१२ बाय ५१२ बिंदूंच्या पडद्यासाठी २,६२,१४४ खोल्या स्मरणात ठेवाव्या लागतात. त्या काळी स्मृती फार महाग होती. पुढे ती स्वस्त झाली आणि ही साधी रीतच चित्रण करणाऱ्या यंत्रभागांत सर्वत्र रूढ झाली.

चौथे तत्त्व प्रकाशाचे. योहान लांबर्ट यांनी १७६० मध्ये सांगितले की निस्तेज पृष्ठभागावरील उजेड हा प्रकाशाची दिशा आणि पृष्ठभागावरील लंब यांमधील कोनाच्या कोसाइनवर अवलंबून असतो. कोन ६० अंशांचा झाला की उजेड निम्मा होतो. या नियमाने बहुभुजाकृती रंगवल्या, तर प्रत्येक सपाट तुकडा वेगळा उठून दिसतो आणि चेहरा पैलू पाडलेल्या दगडासारखा भासतो. आंरी गूरो यांनी १९७१ मध्ये तुकड्यांच्या कोपऱ्यांवरील उजेड काढून तो मधल्या भागात हळूहळू मिसळवला. त्यासाठी त्यांनी आपल्या पत्नीचा चेहरा मोजून घेतला होता. हानोईत जन्मलेले बुइ तुओंग फोंग यांनी १९७३ च्या प्रबंधात एक पाऊल पुढे टाकले. उजेडाऐवजी लंबाची दिशाच त्यांनी बिंदूगणिक मिसळवली आणि चकचकीत वस्तूवरील तेजाच्या ठिपक्याचे सूत्र दिले. त्यांचा निबंध १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी, ऐन तारुण्यात, त्यांचे निधन झाले. आज कोणत्याही देशातील विद्यार्थी गोलावर पहिला प्रकाश पाडतो, तेव्हा बहुधा फोंग यांचे सूत्र लिहितो.

त्याच वर्षी मार्टिन न्यूवेल यांना प्रयोगासाठी एक बेताची अवघड वस्तू हवी होती. पत्नीने चहाची किटली सुचवली. त्यांनी ती समोर ठेवून ग्राफ पेपरवर रेखाटली आणि तिचे वळण वक्र तुकड्यांत बांधले. रेनॉ मोटार कंपनीतील प्येर बेझ्ये यांच्या नावाने ओळखले जाणारे वक्र त्यासाठी वापरले होते. अशा एका वक्र तुकड्याला १६ बिंदू पुरतात. किटलीला पोट आहे, तोटी आहे, आरपार पोकळी असलेली मूठ आहे, आणि तिची सावली तिच्याच अंगावर पडते. त्यामुळे नव्या रीतीची परीक्षा तिच्यावर आपोआप होते. न्यूवेल यांनी ते अंक इतरांना मोकळेपणाने दिले आणि किटली जगभर पोहोचली. मूळ मातीची किटली आता कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात आहे.

या विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले, हे सर्वश्रुत आहे. वॉर्नॉक हे ‘अॅडोबी’ कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक. कॅटमल यांनी १९७२ मध्ये स्वतःच्या हाताचा साचा मोजून एक लहानसा चित्रपट केला होता. पुढे ते ‘पिक्सार’च्या संस्थापकांपैकी एक झाले. संपूर्णपणे संगणकावर घडवलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट ‘टॉय स्टोरी’ त्याच संस्थेने १९९५ मध्ये आणला. परंतु मूलतत्त्वांच्या शिक्षणाचे समर्थन या यशावर उभे करणे बरोबर नाही. प्रत्येक विद्यार्थी कॅटमल होत नाही, आणि व्हावा अशी अपेक्षाही नाही.

आक्षेप दुसऱ्या बाजूनेही येतो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. पहिले सहा आठवडे रेषा आणि सारण्या यांतच गेले, तर चित्राच्या ओढीने आलेला विद्यार्थी कंटाळून निघून जातो. म्हणून काही अध्यापक आधी तयार साधन हाती देतात, चित्राचा आनंद घेऊ देतात आणि मग आतले यंत्र उघडतात. क्रम असा उलटा करण्यास हरकत नाही. हरकत आहे ती यंत्र कधीच न उघडण्याला. कारण तयार साधनाची परीक्षा चित्र बिघडते तेव्हाच होते. एखादा चेहरा अकारण काळा पडतो. ज्याने लांबर्टचा नियम हाताने वापरला आहे, तो लंब उलट दिशेला वळला आहे काय, हे प्रथम पाहतो. दोन पृष्ठभाग एकमेकांत लुकलुकतात. खोलीची रीत ज्याला ठाऊक आहे, तो ओळखतो की दोन्हींची खोली जवळजवळ सारखी असून अंकांना ती वेगळी सांगता येत नाही. ज्याने हे केलेले नाही, त्याच्याजवळ पुन्हा कळ दाबण्यापलीकडे उपाय नसतो. अलीकडे तर वर्णन लिहिताच यंत्र चित्र रचून देते. अशा चित्रातील सावली भलत्या दिशेला पडली आहे, हे सांगणारी नजर शिक्षणाशिवाय कोठून येणार?

साधने बदलत राहतात. त्या काळचे यंत्र संग्रहालयात गेले, त्याची आज्ञावली आज कोणी लिहीत नाही. लांबर्टचा कोसाइन मात्र अडीचशेहून अधिक वर्षे टिकला आहे, आणि आल्बेर्तींचा भागाकार त्याहून दुप्पट काळ.

ग्रंथप्रेमींना तर या विद्येचा लाभ रोज होतो. पडद्यावरील किंवा छापील अक्षराची कड आज बहुधा अशाच वक्रांनी बांधलेली असते. ‘अॅडोबी’ने १९८४ मध्ये आणलेल्या ‘पोस्टस्क्रिप्ट’ने अक्षर म्हणजे ठिपक्यांचे चित्र नसून वक्रांचे वर्णन आहे, ही कल्पना मुद्रणव्यवसायात रुजवली. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आखलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक विंडोज प्रणालीबरोबर असंख्य घरांत पोहोचला. त्यातील ‘क’ची गाठ आणि ‘ळ’ची दोन वर्तुळे पडद्यावर उमटतात ती काही बिंदूंच्या आणि त्यांना जोडणाऱ्या वक्रांच्या बळावर. तेथे बोरूचे वळण जाणणारा हात आणि वक्राचे गणित हे दोन्ही लागतात. मराठी अक्षर उद्याही देखणे राहावे असे वाटत असेल, तर मराठी मुलामुलींपैकी काहींनी तरी ही मुळाक्षरे स्वतः गिरवली पाहिजेत. त्यासाठी लागणारे पुस्तक मागणाऱ्याच्या हाती पोहोचवणे, हे ग्रंथालयाचे शंभर वर्षांचे काम पुढेही तसेच चालू राहणार आहे.