उनागी आणि चाळीस मिनिटं

मागचे दोन भाग कोडिंगबद्दलच बोललो, तर आज जरा जेवणाबद्दल.

मी दोन वर्षं तोक्योत नोकरी करतोय. गेल्या वर्षी बाबा पहिल्यांदाच इकडे आले. बाबा दापोलीचे, हर्णै बंदरावरचा माशांचा लिलाव बघत वाढलेले. फोनवर आमचं बोलणं म्हणजे "जेवलास का?", "हो", "बरं, ठेवतो." संपलं! म्हटलं, माशांच्या माणसाला मासाच खायला घालूया. म्हणून उनागीच्या एका जुन्या दुकानात घेऊन गेलो.

उनागी म्हणजे आपल्या वामच्या जातकुळीतला, सापासारखा लांब मासा. फक्त हा वाढतो गोड्या पाण्यात. मेनूत फार काही नव्हतंच. उनाजू मागवलं, म्हणजे लाखेच्या डब्यात भात आणि त्यावर भाजलेला उनागी. किंमत साडेचार हजार येन. बाबांनी मनात हिशोब केला आणि म्हणाले, "अरे, अडीच हजारांत घरचा आठवड्याचा बाजार येतो!"

मग कळलं, चाळीस मिनिटं थांबायचंय. ऑर्डर दिल्यावरच मासा करायला घेतात. समोर सगळं दिसत होतं, त्यामुळे बाबा खूश. तोक्योकडे उनागी पाठीकडून चिरतात. ही सामुराईंची नगरी, पोट चिरणं अशुभ, म्हणून तसं, असं सांगतात. ओसाकाकडे मात्र पोटाकडूनच चिरतात. मग बांबूच्या काड्या खोवून आधी नुसताच भाजायचा, मग वाफवायचा, मग सोया सॉस आणि मिरिनच्या गोडसर रसात बुडवून पुन्हा कोळशावर. ओसाकाकडे वाफवणं नसतं. इकडे एक म्हण आहे: काड्या खोवायला शिकायला तीन वर्षं, चिरायला आठ, आणि भाजायला अख्खं आयुष्य. मी म्हटलं, "आणि मी सहा महिन्यांत नवी फ्रेमवर्क शिकलो म्हणून मिरवतो!" बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी.

डबा आला. वर सान्शोची पूड भुरभुरवली, तिनं जीभ किंचित झिणझिणते. मासा इतका मऊ की चॉपस्टिकनं सहज तुटत होता. बाबा सवयीनं जिभेनं काटे शोधत होते. बारीक काटे असतात, पण ते जाणवतही नाहीत.

आणि मग बाबांनी विचारलं, "ह्याची पिल्लं कुठे होतात रे?"

नेमकं मी वाचलेलं होतं. हा मासा अंडी घालायला पार मारियाना बेटांजवळच्या समुद्रात जातो, जपानपासून दोन हजारांहून जास्त किलोमीटर. तिथली त्याची अंडी माणसाला पहिल्यांदा मिळाली ती 2009 साली! पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत किनाऱ्याला येतात, काचेसारखी पारदर्शक. तीच पकडून तळ्यांत वाढवतात. 2010 मध्ये प्रयोगशाळेत अंड्यापासून अंड्यापर्यंतचं चक्र पूर्ण झालं, पण बाजारातला जवळजवळ सगळा उनागी अजूनही समुद्रातून पकडलेल्या पिल्लांचाच. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन जोरात चालू आहे, पण सोर्स कोड आपल्याकडे नाही. 2014 पासून हा मासा आययूसीएनच्या यादीत 'संकटग्रस्त' आहे.

बाबांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. "म्हणजे आपण बियाणंच खातोय की! आपल्याकडे पापलेटचं तेच झालं. तळहाताएवढी पिल्लं विकायला ठेवतात."

मी गप्प. एवढ्या हौसेनं आणलं होतं, आणि आता अपराधी वाटायला लागलं. बाबांनी ते ओळखलं असावं. त्यांनी डबा पुन्हा जवळ ओढला आणि शेवटच्या शितापर्यंत संपवला. मग म्हणाले, "पानातलं टाकायचं नाही. पण सारखं मागवायचंही नाही."

त्यानंतर मी उनागी खाल्लेला नाही. सुपरमार्केटमध्ये स्वस्त पाकिटं दिसतात, पण हात जात नाही. बाबा पुन्हा येतील तेव्हा त्याच दुकानात जाऊ, एकदाच. चाळीस मिनिटं थांबायला माझी अजिबात हरकत नाही. आता फोनवरही "जेवलास का?"च्या पुढे "काय खाल्लंस?" येतं, आणि मग बोलणं लांबत जातं.

तुमच्या घरी असा कुठला मासा पानातून कमी होत गेलाय? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!