गोडंबी : एक नाव, दोन फळे



गांधी बाजारात गोडंबी मागितली, तर दुकानदार निःशंकपणे काजू तोलून देतो. यात त्याची लबाडी नाही. कन्नड भाषेत गोडंबी म्हणजे काजूच. आपल्या डिंकाच्या लाडवातील गोडंबी मात्र बिब्ब्याच्या बियांतील गर होय.

बिब्बा हा आपल्या पानझडी रानांतील रहिवासी. काजू मूळचा ब्राझीलचा. १६व्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणला. दोघांचे कूळ एकच, आंब्याचे. दोहोंचे बी फळाच्या टोकाला बाहेर लोंबते, मांसल बोंड खाता येते आणि टरफलातील तेल कातडीवर फोड उठविते. युरोपातील जुने वैद्य ‘अनाकार्डियम’ म्हणत ते आपल्या बिब्ब्याला. लिनियसने १७५३ साली ते नाव काजूला दिले. तेव्हा नावाची ही अदलाबदल केवळ बाजारातच झाली असे नव्हे!

बिब्ब्याचा काळा रस चुन्याने पक्का होतो. परीट त्याने कपड्यांवर खुणा करीत, म्हणून इंग्रजांनीही त्याला ‘मार्किंग नट’ म्हटले. अशा दाहक कवचातून गर सोडविणे जिकिरीचे. गोडंबी महाग पडते ती त्यामुळे.

बाळंतिणीच्या लाडवात काजू घातल्यास लाडू बिघडत नाही, पण माझ्या मते तो निराळाच पदार्थ होतो. दुकानात तिकडची गोडंबी ओळखणारा आता आपल्यापैकीच कोणीतरी हवा. गावाहून कोणी येणार असेल, तर सोललेली गोडंबी पावशेर मागवावी. अख्खे बिब्बे आणून घरी फोडण्याचे धाडस मात्र कोणी करू नये.