चुन्यात मुरलेला काळ



एखादी प्राचीन वास्तू नेमकी कधी उभी राहिली, असा वाद निघाला की कोणीतरी हमखास सुचवतो, "कार्बन चाचणी करा, सारे उघड होईल!" परंतु बांधकामाच्या दगडाला ही चाचणी लागू पडत नाही. लाकडाला पडते; पण तुळई जुन्या वाड्यातून काढून आणलेली असेल, तर वय निघते ते वाड्याचे, मंदिराचे नव्हे.

मग साक्षीदार कोण? सांध्यांतील चुना. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातील पुरातन कर्बवायू निघून जातो. तो चुना विझवून, वाळूत कालवून भिंतीत भरला, की घट्ट होताना त्या काळच्या हवेतील कर्बवायू शोषून घेतो. त्यातील किरणोत्सारी कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो; त्यावरून वय काढता येते. अर्थात, न भाजलेला खडा राहिला असेल तर वय फुगते, मागाहून डागडुजी झाली असेल तर घटते. म्हणून नमुना खोलवरूनच घ्यावा लागतो.

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्ट येथे आठ खांबांवर उभा असा गोल दगडी मनोरा आहे. १८३० च्या दशकाच्या अखेरीस कार्ल राफ्न या डॅनिश विद्वानाने तो व्हायकिंगांचा, म्हणजे कोलंबसापूर्वीचा, ठरवला. अनेकांना ही कल्पना मनापासून भावली. वास्तविक वसाहतीचे गव्हर्नर बेनेडिक्ट अर्नोल्ड यांच्या १६७७ च्या मृत्युपत्रात त्यांच्या दगडी पवनचक्कीचा उल्लेख होता. १९४८-४९ च्या उत्खननातही सतराव्या शतकातीलच वस्तू मिळाल्या. तरी वाद शमेना. पवनचक्की जुन्या मनोऱ्यातच बसवली असेल, हे उत्तर तयारच होते!

अखेर १९९० च्या दशकाच्या आरंभी डेन्मार्क आणि फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी तेथील चुना तपासला. काळ निघाला सुमारे १६३५ ते १६९८. डॅनिश लोक तर व्हायकिंगांचेच वंशज. तरीही त्यांनी हा निकाल जसाच्या तसा जगापुढे ठेवला.

यामुळे व्हायकिंगांची कीर्ती बुडाली काय? कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर १९६० पासून त्यांची खरीखुरी वस्ती उजेडात आली होती. इ.स. ९९३ मध्ये वातावरणातील किरणोत्सारी कार्बन एकाएकी वाढला आणि त्याची खूण झाडांच्या वर्षवलयांत उमटली. त्या वस्तीत धातूच्या हत्याराने तोडलेली लाकडे सापडली होती. त्यांतील या खुणेपासून सालीपर्यंतची वलये शास्त्रज्ञांनी मोजली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: ही झाडे इ.स. १०२१ मध्ये तोडलेली आहेत.