भातखाचरातला नत्र जातो कोठे?



आज आम्हांला भातखाचरातल्या एका गळतीविषयी बोलावयाचे आहे. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत सुमारे २० किलो नत्र असते. खाचरातल्या पाण्यावर ती फोकली, तर पुष्कळदा त्यातला तिसरा हिस्साच पिकाच्या पदरी पडतो.

बाकीचे जाते कोठे? दिवसा शेवाळामुळे पाण्याचा अल्कधर्म वाढतो आणि नत्र अमोनिया होऊन उडते. चिखलाच्या अगदी वरच्या पातळ थराला प्राणवायू मिळतो. तेथे उरलेल्या अमोनियाचे नायट्रेट बनते. ते खालच्या प्राणवायुहीन थरात झिरपले, की जिवाणू त्याचा वायू करून सोडतात.

उपाय साधा आहे : खत चिखलात पुरावे. कोकणात चार चुडांच्या मधोमध युरियाची गोळी खोचतात ती याचसाठी. २०१५ पासून युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. त्याने नायट्रेट बनणे मंदावते. अमोनियाचे उडणे मात्र थांबत नाही.

युरियाचे अनुदान सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच खिशातून जाते. तेव्हा आणखी गोणी मागण्याआधी, आहे ती गोणी मुळांपाशी पोचते की नाही, हे आपण सर्वांनीच विचारले पाहिजे.