नेवाकाठचे सेंट पीटर्सबर्ग

सायबेरिया ओलांडून मॉस्कोला पोहोचणाऱ्या 9,288 किलोमीटरच्या रेल्वेप्रवासाची सांगता अनेक प्रवासी सेंट पीटर्सबर्गमध्ये करतात. झार, म्हणजे रशियाचा राजा, पहिला पीटर याने 1703 मध्ये नेवा नदीच्या मुखाशी दलदलीत वसवलेले हे नगर आहे. येथील हिवाळी राजवाड्यात आज हर्मिटेज हे संग्रहालय असून, तेथील सोनेरी मोर-घड्याळाची यंत्रणा सुरू केली की मोर पिसारा फुलवतो आणि कोंबडा आरवतो. जूनमधील 'श्वेतरात्रीं'त सूर्य क्षितिजाखाली फारसा उतरत नसल्याने मध्यरात्रीही संधिप्रकाश टिकतो, आणि त्याच प्रकाशात जहाजांना वाट देण्यासाठी नेवावरील पूल मधोमध दुभंगून वर उचलले जातात. हे दृश्य अवश्य पाहावे. मात्र परतीची वाट तोवर बंद होत असल्याने पुलांचे वेळापत्रक आधी पाहून ठेवावे.